वांग, उन्हाचे डाग आणि त्यांवरचे उपचार

त्वचेला रंग देणारे मेलॅनिन बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या रंगपेशींत तयार होते. रंगपेशीला लांब फाटे असतात. त्या फाट्यांमधून ती आजूबाजूच्या साधारण छत्तीस पेशींना रंगकण पुरवते. टायरोसिन या अमिनो आम्लापासून मेलॅनिन बनते आणि त्या साखळीतली पहिली, गती ठरवणारी पायरी टायरोसिनेज हे विकर पार पाडते. नॉर्वेतल्या आणि नागपुरातल्या माणसाच्या त्वचेत रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो रंगकणांचा आकार, त्यांचे प्रमाण आणि ते त्वचेत किती काळ टिकतात यामुळे. सावळ्या त्वचेतले कण मोठे आणि सुटे असतात. पेशीच्या केंद्रकावर ते छत्रीसारखे पसरतात आणि अतिनील किरण अडवतात. सावळ्या माणसांत त्वचेचा कर्करोग कमी दिसतो, त्याचे मोठे श्रेय या व्यवस्थेला जाते. मात्र अशी जागरूक रंगपेशी कोणत्याही इजेला जास्त रंग तयार करूनच उत्तर देते. मग ती इजा मुरुमाची असो, भाजल्याची असो, घासण्याची असो किंवा लेसरची असो. डाग घालवण्यासाठी केलेला उपचारच नवा डाग पाडू शकतो, आणि या विषयातला सगळा पेच तिथून सुरू होतो.

हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली उन्हात त्वचा भाजते की रापते यावरून तिचे प्रकार पाडले. अतिनील किरणांच्या उपचारात मात्रा किती द्यावी हे ठरवणे एवढाच त्यांचा मूळ हेतू होता. सुरुवातीला चार प्रकार होते, पुढे गडद त्वचेसाठी पाचवा आणि सहावा जोडला गेला. भारतीयांची त्वचा बहुतांशी चौथ्या आणि पाचव्या प्रकारात मोडते. लेसर आणि रासायनिक पील यांची तंत्रे मात्र मुख्यतः पहिल्या-दुसऱ्या प्रकारच्या गोऱ्या त्वचेवर घडली. त्यामुळे परदेशी जाहिरातीत एका बैठकीत नाहीसा होणारा डाग आणि पुण्या-मुंबईच्या दवाखान्यात दाखवायला आलेला डाग हे अनेकदा दोन निराळे विकार असतात.

उन्हाचे डाग, ज्यांना वैद्यकात सोलर लेंटिगो म्हणतात, ते चाळिशी-पन्नाशीनंतर चेहऱ्यावर, हातांच्या पाठीवर आणि खांद्यांवर उठतात. वर्षानुवर्षे साठलेल्या उन्हाचा तो हिशेब असतो. त्यांची कड रेखीव असते, रंग एकसारखा तपकिरी असतो आणि ऊन कमी झाले तरी ते फिके पडत नाहीत. लहानपणापासून असणारे बारीक ठिपके हिवाळ्यात फिकटतात, हा दोहोंतला ओळखीचा फरक. गोऱ्या लोकांत असे डाग सर्रास आढळतात. आपल्याकडे ‘वयाचे डाग’ म्हणून दाखवले जाणारे कित्येक ठिपके प्रत्यक्षात किंचित उंचावलेले, खरखरीत, निरुपद्रवी मस असतात. गालांवर आणि डोळ्यांच्या कडेला येणारे बारीक काळे उंचवटेही त्याच जातीचे. त्यांना कोणतेही क्रीम लागू पडत नाही. विजेच्या सुईने किंवा लेसरने ते अलगद काढावे लागतात.

भारतीय चेहऱ्यावरचा खरा चिवट विकार म्हणजे वांग. गालांची हाडे, कपाळ, नाक आणि वरचा ओठ यांवर दोन्ही बाजूंना सारखेच पसरलेले तपकिरी पट्टे हे त्याचे रूप. तो विशीपासून चाळिशीपर्यंतच्या स्त्रियांत अधिक दिसतो. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, आनुवंशिकता आणि ऊन ही त्याची ठळक कारणे. शेतात, रस्त्यावर, बांधकामावर राबणाऱ्या पुरुषांनाही तो होतो, पण ते उपचाराला उशिरा येतात किंवा येतच नाहीत. पूर्वी वांग हा केवळ रंगपेशींच्या अतिउत्साहाचा विकार मानला जाई. सूक्ष्मदर्शकाखालच्या अभ्यासांनी ते चित्र बदलले. वांगाच्या जागी बाह्यत्वचा आणि आतली त्वचा यांच्यामधला पडदा झिजलेला असतो, रक्तवाहिन्या वाढलेल्या असतात आणि उन्हाने लवचीक तंतूंची नासाडी झालेली असते. अशा जमिनीवरून रंग पुसला तरी ती जमीन तशीच राहते. वांग परत का येते, याचे उत्तर यात आहे. उच्च रक्तदाबाप्रमाणे तो ताब्यात ठेवण्याचा विकार आहे, आणि ‘कायमचा घालवून देऊ’ म्हणणाऱ्याला एक तर हे ठाऊक नसते किंवा सांगायचे नसते.

बाकीच्या डागांत मुरूम, पुरळ, भाजणे, खरचटणे यांनंतर उरणारे काळे डाग संख्येने सर्वांत जास्त. मूळ दाह थांबला तर ते काही महिन्यांत आपोआप फिके होतात, आणि मुरूम फोडत राहिले तर वाढत जातात. पाठीवर, दंडांवर आणि नडग्यांवर लाटांसारख्या रेषांचा राखी-तपकिरी रंग दिसला की आंघोळीच्या वेळची प्लास्टिकची घासणी किंवा वजरी आठवावी. वर्षानुवर्षे घासल्याने तिथे अमिलॉइड हे प्रथिन साचते. ‘मळ निघत नाही’ म्हणून माणूस आणखी जोराने घासतो, आणि डाग आणखी काळा होतो. मानेवर आणि काखेत मखमलीसारखी जाड काळी त्वचा दिसणे हे बहुधा लठ्ठपणाचे आणि इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याचे लक्षण असते. तिथे क्रीमपेक्षा साखरेची तपासणी आणि वजन उतरवणे महत्त्वाचे. केसांचा कलप, कुंकवातले कृत्रिम रंग आणि काही सुगंधी द्रव्ये यांच्या ॲलर्जीने कपाळावर व कानशिलांवर निळसर-करडी छटा येते. घरगुती उपायही निर्दोष नाहीत. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्यातील द्रव्ये अतिनील किरणांशी मिळून त्वचा भाजतात आणि गडद डाग मागे ठेवतात. बिब्ब्याचे तेल तर थेट फोड आणते, आणि त्याचा डाग बरेच महिने जात नाही.

म्हणून उपचारापूर्वीचा अर्धा तास निदानात गेला तर तो वाया जात नाही. रॉबर्ट वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाचा दिवा सुमारे ३६५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश टाकतो. त्यात बाह्यत्वचेतला रंग उठून दिसतो, खोलवरचा दिसत नाही. सावळ्या त्वचेत हा दिवा फारसा भरवशाचा नाही, त्यामुळे आता डर्मोस्कोप या भिंगाच्या यंत्रावर भर असतो. साधा नियम असा, की तपकिरी रंग वरचा, तर निळसर-करडा रंग खोलातला. खोलातल्या रंगापर्यंत क्रीम पोहोचत नाही. हृदयाच्या ठोक्यांसाठी दिले जाणारे अमिओडॅरोन किंवा मुरुमांसाठीचे मिनोसायक्लिन यांसारखी औषधेही त्वचा काळवंडवतात, हे रुग्णाला क्वचितच सुचते, म्हणून ते विचारावे लागते. एखादाच डाग वेड्यावाकड्या कडांचा असेल, रंग बदलत असेल, वाढत असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर आधी तुकडा काढून तपासतात. सावळ्या लोकांत मेलॅनोमा हा कर्करोग दुर्मीळ असला तरी तो बहुधा तळपाय, तळहात किंवा नखाखाली येतो, आणि तिथे कोणाचे लक्ष नसते.

उपचारांत पहिले स्थान उन्हापासूनच्या बचावाला आहे. ते नसेल तर पुढचे सगळे पैसे पाण्यात जातात. सनस्क्रीनच्या बाटलीवरचा एसपीएफ हा आकडा अतिनील किरणांतल्या यूव्हीबी या प्रकारापुरता असतो. एसपीएफ ३० असेल तर त्यांतले सुमारे ९७ टक्के किरण अडतात, ५० असेल तर सुमारे ९८ टक्के. खिडकीची काच यूव्हीबी बऱ्याच अंशी रोखते, पण यूव्हीए हा दुसरा प्रकार आत सोडते. त्यामुळे गाडीत किंवा खिडकीजवळ बसून काम करणाऱ्यालाही संरक्षण लागते, आणि त्यासाठी जपानी पद्धतीच्या ‘पीए’ खुणेची अधिक चिन्हे पाहावीत. तिसरी गोष्ट अलीकडे कळली. २०१० सालच्या एका प्रयोगात साध्या दृश्य प्रकाशाने गडद त्वचा काळवंडली आणि ते काळेपण टिकून राहिले, गोऱ्या त्वचेत तसे झाले नाही. साधी पारदर्शक सनस्क्रीन हा प्रकाश अडवत नाहीत. लोह ऑक्साइडमुळे त्वचेच्या रंगाची छटा असलेली सनस्क्रीन तो अडवतात, म्हणून वांगात ती सरस ठरतात. प्रयोगशाळेत एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम क्रीम लावतात, आणि लोक त्याच्या अर्धेही लावत नाहीत. चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतके क्रीम, आणि बाहेर असल्यास दर दोन तासांनी पुन्हा, हे प्रमाण. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यासाठी रुंद काठाची टोपी, छत्री आणि पदर हे गौण पर्याय नाहीत. शेतात काम करणाऱ्या बाईला दर दोन तासांनी सनस्क्रीन लावण्याचा सल्ला देणे हे वास्तवाला सोडून आहे.

लावायच्या औषधांत हायड्रोक्विनोनचा इतिहास मोठा आणि बोधप्रद आहे. १९३९ साली अमेरिकेतल्या एका चर्मोद्योगातील कामगारांच्या हातांवर पांढरे चट्टे उठल्याचे प्रसिद्ध झाले. त्यांच्या रबरी हातमोज्यांत हायड्रोक्विनोनचा भाऊबंद असलेले मोनोबेन्झोन होते. हे रसायन रंगपेशी कायमच्या मारते, म्हणून डागांसाठी ते वापरत नाहीत. हायड्रोक्विनोन सौम्य असून टायरोसिनेजला अडवते. १९७५ साली क्लिगमन आणि विलिस या संशोधकांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन ही तीन औषधे एकत्र केली. पहिले रंग रोखते, दुसरे वरचा थर लवकर उलटवते आणि पहिल्याला आत शिरायला मदत करते, तर तिसरे स्टिरॉइड दोघांमुळे होणारी आग शमवते. आजही वांगावर सर्वांत परिणामकारक लेप हाच. २००२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या त्याच्या रूपात चार टक्के हायड्रोक्विनोन, ०.०५ टक्के ट्रेटिनॉइन आणि ०.०१ टक्के फ्लुओसिनोलोन हे स्टिरॉइड आहे, आणि त्याची मुदत आठ आठवड्यांची आहे. मुदत हा त्या मान्यतेतला सर्वांत महत्त्वाचा शब्द.

मुदत न पाळल्यास काय होते, ते दक्षिण आफ्रिकेत दिसले. गोरे होण्यासाठी हायड्रोक्विनोनची क्रीम वर्षानुवर्षे वापरणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गालांवर निळसर-काळा, खवल्यासारखा थर जमल्याचे १९७५ सालीच नोंदवले गेले. ऑक्रोनोसिस नावाचा हा डाग मूळ वांगापेक्षा कितीतरी अवघड. त्या देशाने १९९० साली सौंदर्यप्रसाधनांत हायड्रोक्विनोनवर बंदी घातली. युरोपने २००१ साली तेच केले, आणि अमेरिकेत २०२० पासून ते चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. तरीही हायड्रोक्विनोनला विष म्हणणे अन्यायाचे होईल. तीन-चार महिने देखरेखीखाली, नंतर विश्रांती, या शिस्तीत ते आजही उपयोगी औषध आहे.

विश्रांतीच्या काळात इतर द्रव्ये कामाला येतात. ॲझेलाइक आम्ल हे त्यांतले सर्वांत विश्वासार्ह, आणि हायड्रोक्विनोन व ट्रेटिनॉइन वर्ज्य असलेल्या गरोदरपणातही चालणारे. मुरूम आणि त्यांचे डाग दोन्ही असतील तर ते अधिक सोयीचे. बुरशीपासून मिळणारे कोजिक आम्ल, आर्ब्युटिन, क जीवनसत्त्व आणि सिस्टिअमिन यांचा परिणाम मध्यम असतो. नायसिनामाइड रंग बनणे थांबवत नाही, रंगकण शेजारच्या पेशीत जाण्याला अडथळा करते. नवे आणि ‘सौम्य’ म्हणून आलेले प्रत्येक द्रव्य निर्धोक असते असे मात्र नाही. जपानमध्ये रोडोडेन्ड्रॉल हे वनस्पतिजन्य द्रव्य असलेली प्रसाधने कानेबो कंपनीला जुलै २०१३ मध्ये बाजारातून परत घ्यावी लागली, कारण हजारो ग्राहकांच्या चेहऱ्यावर आणि मानेवर पांढरे चट्टे पडले होते.

पोटात घेण्याच्या औषधांत ट्रॅनेक्सॅमिक आम्लाने वांगाच्या उपचाराचे चित्र बदलले. उताको आणि शोसुके ओकामोतो या जपानी संशोधक दांपत्याने ते १९६० च्या सुमारास शोधले, ते बाळंतपणातल्या रक्तस्रावाने मरणाऱ्या स्त्रियांसाठी. १९७९ साली जपानमध्येच दुसऱ्या विकारासाठी ते घेणाऱ्या एका रुग्णाचे वांग फिके झाल्याचे लक्षात आले. ऊन लागल्यावर त्वचेत प्लाझ्मिन वाढते, त्यातून रंगपेशींना चिथावणारी द्रव्ये सुटतात, आणि हे औषध ती साखळी तोडते. रक्तस्रावासाठी दिवसाला तीन-चार ग्रॅम लागणारे औषध वांगासाठी २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा एवढेच पुरते, आणि दोन-तीन महिन्यांत फरक दिसतो. थांबवल्यावर बऱ्याच जणींत वांग परतते. मूळ काम रक्ताची गुठळी टिकवण्याचे असल्याने पूर्वी गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकार झालेल्यांना ते देत नाहीत. संप्रेरकांच्या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या किंवा धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांबाबतही हात आखडता घ्यावा लागतो. ओळखीच्या बाईला गुण आला म्हणून तिची चिठ्ठी दाखवून हे औषध घेणे धोक्याचे आहे.

रासायनिक पील म्हणजे आम्लाने त्वचेचा वरचा थर मोजून-मापून सोलणे. ग्लायकोलिक, लॅक्टिक, मँडेलिक आणि सॅलिसिलिक आम्लांचे वरवरचे पील भारतीय त्वचेला मानवतात. आधी दोन ते चार आठवडे क्रीमने तयारी करून दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने बैठका घेतात. क्रीमच्या जोडीला ते गती देतात, एकटे फारसे काही करत नाहीत. खोल पील गोऱ्या त्वचेसाठी ठीक. सावळ्या चेहऱ्यावर ते व्रण आणि नवे डाग देऊन जातात. द्रव नायट्रोजनने डाग गोठवण्याचीही हीच गत आहे. रंगपेशी थंडीला फार नाजूक असल्यामुळे तपकिरी ठिपक्याच्या जागी पांढरा राहतो.

लेसरचे तत्त्व हार्वर्डच्या अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ साली मांडले. रंगकणाने शोषलेली उष्णता आजूबाजूला पसरण्याच्या आत झोत थांबवला, तर कण फुटतो आणि शेजार वाचतो. रंगकण इतका सूक्ष्म असतो की तो एका मायक्रोसेकंदाच्या आत थंड होतो, म्हणून झोत नॅनोसेकंदांचा हवा. क्यू-स्विच्ड लेसर असा झोत देतात, आणि नवे पिकोसेकंद लेसर त्याहून आखूड. ५३२ नॅनोमीटरची तरंगलांबी वरच्या डागांसाठी, तर १०६४ नॅनोमीटरची एनडी-याग खोलात जाते आणि वरच्या रंगाला कमी धक्का लावते, म्हणून सावळ्या त्वचेत ती पसंतीची.

लेसरचा परिणाम डागाच्या जातीवर ठरतो. उन्हाचा खरा डाग एक-दोन बैठकांत खपली धरून गळतो. डोळ्याभोवती आणि गालावर जन्मतः किंवा तारुण्यात येणारा, ‘ओटाचा डाग’ म्हणून ओळखला जाणारा निळसर डाग कित्येक बैठकांनंतर, महिन्यांच्या अंतराने का होईना, बहुतेकदा जातो आणि सहसा परतत नाही. त्याच्यावर दुसरा उपायच नसल्याने आशियाई रुग्णांना लेसरचे खरे देणे हेच म्हणावे लागेल. वांगात मात्र चित्र उलटते. काही आठवडे चेहरा उजळ दिसतो, मग वांग परत येते, कधी पूर्वीपेक्षा गडद. ते टाळण्यासाठी कमी शक्तीचे झोत दर आठवड्याला देण्याची ‘टोनिंग’ पद्धत निघाली. तिचा अतिरेक झाला की चेहऱ्यावर पावसाच्या थेंबांसारखे पांढरे ठिपके पडतात आणि ते सहज भरत नाहीत. वांगासाठी लेसर हा पहिला उपाय नाही, दुसराही नाही. क्रीम आणि गोळ्या पुरेशा काळ वापरून झाल्यावरच, अनुभवी हातांनी, त्याचा विचार करावा. पॅकेजच्या सवलतीत विकली जाणारी दहा बैठकांची टोनिंग हा या क्षेत्रातला सर्वांत महाग गैरसमज आहे.

डाग बरा करणे आणि रंग गोरा करणे यांतली सीमारेषा बाजाराने पुसून टाकली. औषधाच्या दुकानात मिळणारी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन यांची तिहेरी ट्यूब अनेक वर्षे फेअरनेस क्रीम म्हणून खपली. बारा केंद्रांतल्या २९२६ रुग्णांच्या २०११ सालच्या भारतीय अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्यांपैकी जवळपास १५ टक्के लोक तोंडाला स्टिरॉइड लावत असल्याचे आढळले. अशा चेहऱ्याची त्वचा पातळ होते, लाल होते, तिच्यावर केस आणि पुरळ येतात, आणि ट्यूब थांबवली की आग होते, त्यामुळे ती सुटत नाही. देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने हा प्रश्न लावून धरला, आणि मार्च २०१८ मध्ये चौदा स्टिरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई झाली. अंमलबजावणी मात्र ढिली आहे.

पाऱ्याची कथा अधिक गंभीर. पारा टायरोसिनेजला अडवतो, म्हणून बिनलेबलाच्या, आयात किंवा घरगुती म्हणून विकल्या जाणाऱ्या गोरेपणाच्या क्रीममध्ये तो बेकायदा घातला जातो. त्वचेतून शिरून तो मूत्रपिंडाच्या गाळणीला इजा करतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या अशा रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात झाली आहे, आणि अकोल्यातल्या एका कुटुंबातल्या मूत्रपिंडविकाराचा माग २०२३ साली असाच एका क्रीमपाशी पोहोचला. शिरेतून देण्याच्या ग्लुटाथायोनला गोरेपणासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता नाही. त्याचा रंगावरचा परिणाम टिकत नाही, आणि तीव्र ॲलर्जीपासून यकृताच्या इजेपर्यंतचे धोके मात्र खरे आहेत.

वाचकाने घरातली ट्यूब उलटून घटकांची यादी जरूर वाचावी. त्यात बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी एक नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मुदतीपलीकडे ते चेहऱ्याला लावू नये. महिनोन्‌महिने लावून झाले असेल तर ते एकाएकी बंदही करू नये, त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने हळूहळू सोडावे. यादीच छापलेली नसेल, तर ते क्रीम वापरू नये.